प्रमुख पावणं

वर्धमान आवटींच्या स्कूटरला कोल्हापुरात सगळ्यांनी मागे टाकलेलं आहे. रिक्षांनी टाकलं, सायकलींनी टाकलं आणि एकदा भल्या सकाळी धार काढून घ्यायला दूध कट्ट्याकडे निघालेल्या एका म्हशीनंही टाकलं. आवटींना त्याचं काही वाटत नसे. बत्तीस वर्षं विमा एजंट म्हणून काढलेल्या माणसाला वेग म्हणजे काय ते नेमकं ठाऊक असतं. वेग म्हणजे दाव्याचा फॉर्म, तीन प्रतींत, सोबत पंचनामा जोडून.

अशा माणसाच्या घरात, एका मंगळवारी, भरल्या ताटावर त्यांची एकुलती एक मुलगी म्हणाली, "आण्णा, वृषभ रेसिंगमध्ये आहे."

वृषभ मगदूम हे नाव घरात नवं नव्हतं. जयसिंगपूरच्या मगदुमांचा धाकटा मुलगा, इंजिनिअर. प्राचीनं त्याला आधीच पसंत केलं होतं. मग दोन्हीकडच्या मोठ्यांनी, स्थळ जणू आपणच शोधून काढलंय अशा थाटात, एकमेकांना बायोडेटा पाठवून सगळं रीतीत बसवून घेतलं होतं. त्या बायोडेटात व्यवसायापुढे 'ऑटोमोबाईल क्षेत्र' असं लिहिलं होतं. आवटींनी त्याचा अर्थ शोरूम असा घेतला होता. शोरूममधल्या गाड्या उभ्या असतात, या गोष्टीचं त्यांना मनापासून समाधान वाटलं होतं.

"रेसिंगमध्ये म्हणजे? गाडी पळवतो?"

"चालवतो," प्राची म्हणाली. "शनिवार-रविवारी. बाकीचे दिवस नोकरी."

आवटींचा घास हातातच राहिला. विम्याच्या फॉर्मवर एक रकाना असतो: 'अर्जदार धोक्याचा व्यवसाय किंवा छंद करतो काय?' बत्तीस वर्षांत तिथे 'होय' लिहिणारी दोनच माणसं त्यांना भेटली होती. एक सर्कशीत होता आणि दुसरा विहिरीत सुरुंग लावायचा. आता तिसरा थेट जावई म्हणून येऊ घातला होता.

"नक्की काय करतो तो तिथं?"

"ते त्यालाच विचारा. मी सांगितलं तर म्हणाल, ही त्याची वकिली करते." प्राचीचा आवाज जरा खाली आला. "सोमवारी मगदूमकाका फोन करतील. तुम्ही नाही म्हणालात तर मी काही पळून जाणार नाही, आण्णा. पण मग दुसरं स्थळ दाखवू नका."

एवढं बोलून तिनं ताकाची वाटी तोंडाला लावली. आवटींनी बायकोकडे पाहिलं. त्रिशलाबाई आमटीत काहीतरी शोधत होत्या. थोडक्यात, घरातली मतमोजणी झाली होती आणि आवटी पडले होते. तरी शेवटचा शब्द आपला आहे, निदान सोमवारपर्यंत, हे त्यांना कळत होतं आणि त्याच गोष्टीनं त्यांची झोप उडाली.

झोप उडालेल्या माणसाला शेजारी लागतो. आवटींना सयाजी खाडे होते. सयाजीराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते आणि चार चाकांवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूविषयी त्यांचं मत तयार असे. ते विचारावं लागत नसे.

"सोपं हाय की," कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून सयाजीराव म्हणाले. "ह्या शनवार-रविवारी पेठ वडगावच्या म्होरं माळावर मोटारीच्या शर्यती हायत. जायचं, गप बसायचं आनि प्वारगं कसं चालवतंय ते बगायचं. मी येतो संगं. वळणावर गियर कसा टाकतोय ते बगितलं की मला मानूस कळतंय."

"आणि त्यानं मला ओळखलं तर? मुलीचा बाप चोरून बघायला आला, असं जयसिंगपूरभर होईल."

"मग वळकू येऊ नगा."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा कपाटात होता. तो लावायचं ठरलं. त्यावर सयाजीरावांची क्रिकेटची टोपी आणि गळ्यात मफलर. आरशात पाहिल्यावर आवटींना स्वतःची पॉलिसी काढू नये असं वाटलं.

शनिवारी दोघे एसटीनं वडगावला आणि तिथून वडापच्या, म्हणजे मावतील तेवढी माणसं कोंबणाऱ्या, जीपनं माळावर पोचले. फाटकाशी खुर्ची टाकून मिशीवाला ज्ञानू बसला होता. तो तिथलाच, वडगावचा. त्यानं प्रत्येकाच्या हातात एकेक कागद द्यायचा, सही घ्यायची आणि मनगटाला कागदी पट्टी बांधून आत सोडायचं, अशी रीत होती. लोक कागद गुडघ्यावर ठेवून सही ठोकून आत पळत होते. आवटींनी मात्र तो वाचायला घेतला. त्यात चौदा कलमं होती. दुखापत झाल्यास प्रेक्षक स्वतः जबाबदार, उडालेल्या टायरला प्रेक्षक जबाबदार, प्रेक्षकाच्या वारसांनाही प्रेक्षकच जबाबदार.

"हे नववं कलम अकराव्याशी विसंगत आहे," आवटी म्हणाले.

"पावणं, सही करा की," ज्ञानू म्हणाला. "मागं बगा, रांग पार ऊसात गेलीया."

"वाचल्याशिवाय सही करू नये, असं मी बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलोय."

"आनि त्येनी वाचली?"

आवटींनी सही केली, पण अकराव्या कलमापुढे पेन्सिलीनं फुली मारूनच.

शनिवारचा दिवस सरावाचा होता. त्याचं वर्णन थोडक्यात करता येईल: धूळ, आवाज, ऊन. सयाजीरावांनी मोठ्या हुशारीनं निवडलेली जागा दिवसभर पश्चिमेला तोंड करून होती. गाड्या समोरून इतक्या झटक्यात जात की मान वळवेपर्यंत मागची येई आणि मान परत आणेपर्यंत तीही गेलेली असे. सगळ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राणं. वृषभ कुठला हे ओळखायचं कसं? सयाजीराव प्रत्येक गाडीला "ह्योच त्यो" म्हणत. एक गाडी वळणावर गर्रकन फिरून वाळूत रुतली, तेव्हाही ते "ह्योच त्यो" म्हणाले. आवटी उभ्या जागी घामानं निथळले. आतून भलताच कुणीतरी दाढीवाला निघाला आणि आवटींनी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला.

खायचं म्हणावं तर सगळ्या टपऱ्यांवर मिसळ, तीही कांदा-लसणात पोहणारी. आवटी जैन, ते खाणारे नव्हते. दिवसभर एका काकडीवर राहून, नाक सोलपटून ते संध्याकाळी घरी आले आणि सूर्य मावळायच्या आत कसंबसं जेवले. प्राचीनं फक्त विचारलं, "आण्णा, नाकाला काय झालं?" आवटी म्हणाले, "देवळात गेलो होतो." देवळात नाक कसं सोलतं हे तिनं विचारलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

म्हणून रविवारी त्रिशलाबाईंनी डबा दिला. दशम्या, मुगाची उसळ, बिनलसणाची शेंगाची चटणी आणि वर रव्याचे चार लाडू.

"चार कशाला? मी एक खातो. सयाजी एक."

"असू देत," त्रिशलाबाई म्हणाल्या. "लागतील."

आणि इथून पुढे जे घडलं ते सगळं त्या डब्यामुळे घडलं. नाही, डब्यामुळे नाही. भाषेमुळे.

फाटकावर बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी होती. ज्ञानूनं डबा अडवला. आवटींनी धर्म, पथ्य, काकडी आणि घटनेनं दिलेला अधिकार या क्रमानं बाजू मांडली. ज्ञानू बिचारा पेचात पडला. काल चौदा कलमं वाचणारं गिऱ्हाईक आज पुन्हा पुढ्यात उभं होतं आणि मागची रांग उसाकडे सरकायला लागली होती. त्यानं कमरेचा वॉकीटॉकी काढला.

"म्याडम, पावणं आल्यात फाटकावर. डबा घिऊन आल्यात. त्यास्नी काय करू?"

आता कोल्हापुरात पावणं कोण, तर जो समोर उभा आहे तो. रस्ता विचारणारा पावणं, पाय तुडवणारा पावणं, ज्याच्याशी आत्ता भांडण होणार आहे तोही पावणंच. पण वॉकीटॉकीच्या त्या टोकाला रोहिणी मॅडम होत्या. त्या पुण्याहून शर्यती भरवायला आलेल्या. त्यांचे प्रमुख पाहुणे सकाळपासून फोन उचलत नव्हते. ते कुठल्याशा टायर कंपनीचे मोठे अधिकारी होते आणि त्यांना आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

"पाहुणे आले?" वॉकीटॉकी आनंदानं किंचाळला. "अहो मग त्यांना फाटकावर काय उभं केलंय! ताबडतोब व्यासपीठावर आणा!"

"आनि डबा?"

"डबा सांभाळून ठेवा! पाहुण्यांचा आहे!"

दोन मिनिटांत एक उघडी जीप आली. आवटींना वाटलं, आपल्याला चौकीवर नेतायत. सयाजीरावांना वाटलं, आपल्या एसटीच्या सेवेची कुणीतरी उशिरा का होईना दखल घेतली. ते आधी चढून बसले.

व्यासपीठावर सोफा होता, पंखा होता, आणि रोहिणी मॅडमनी आवटींची टोपी काढून त्या जागी भगवा कोल्हापुरी फेटा बांधवला तेव्हा कुठे आवटींच्या डोक्यात प्रकाश पडला. ते घाईनं म्हणाले, "मॅडम, काहीतरी चुकतंय. मी पाहुणा नाही."

"सर, तुमचा हाच साधेपणा," मॅडम म्हणाल्या, आणि हार घातला.

"मग तुम्ही कोण, असं इचारलं तर काय सांगनार?" सयाजीराव कानात कुजबुजले. "पोरीचा बा, चोरून बगायला आलोय, म्हनून? माईकवर? गप बसा. पंखा हाय."

मुद्दा बिनतोड होता. शिवाय खरं सांगायचं तर, बत्तीस वर्षांत आवटींना पाहून दारं बंद झाली होती, कुत्री सोडली गेली होती, 'साहेब घरी नाहीत' असं स्वतः साहेबांनी येऊन सांगितलं होतं. कुणी हार घालायची ही पहिलीच वेळ. ते सोफ्यावर टेकले. मग दोन शब्द बोलायची विनंती झाली. समोर वीसेक गाड्या रांगेत, आत घाम गाळणारे ड्रायव्हर. माईक हातात आल्यावर आवटींना काही सुचेना, तेव्हा जे पाठ होतं ते बाहेर पडलं.

"बंधुभगिनींनो, माणसाचं जीवन क्षणभंगुर आहे. आज आपण आहोत, उद्या असूच असं नाही. आपल्या पश्चात कुटुंबाचं काय, याचा विचार आपण केला आहे का?"

पहिल्या रांगेतल्या दोन ड्रायव्हरांनी पट्टे पुन्हा आवळले. रोहिणी मॅडमनी माईक हळूच काढून घेतला आणि "सरांचा सुरक्षेचा संदेश" म्हणून टाळ्या मागितल्या.

"आता फक्त झेंडा, सर," त्या म्हणाल्या. टेबलावर रंगीत झेंडे ओळीनं ठेवलेले होते. "सगळ्या गाड्या एक फेरी हळू मारून येतील. मी 'आता' म्हणाले की हिरवा उचलायचा आणि हलवायचा. बस्स!" आणि त्या कुणाला तरी ओरडायला पळाल्या.

गाड्या सुटल्या. सगळ्यांच्या पुढे एक पांढरी गाडी होती. ती व्यासपीठासमोरून गेली आणि तिच्या दारावर आवटींनी ठळक अक्षरांत वाचलं: वृषभ मगदूम.

"आवटी!" सयाजीराव सोफ्यावरून उडाले. "पयला हाय! आपला जावई पयला हाय!"

"अजून जावई नाही तो," आवटी कसेबसे म्हणाले.

खरं तर कालपासून त्यांनी मनात एक आशा धरली होती की हा मुलगा शेवटून दुसरा वगैरे असेल. शेवटून दुसऱ्या माणसाशी संसार होऊ शकतो. तो आमटीला नावं ठेवत नाही, वळणावर हळू होतो, म्हातारपणापर्यंत टिकतो. पण पहिला? पहिल्याला आपला नंबर टिकवायचा असतो. आज वडगाव, उद्या चेन्नई, परवा आणखी कुठे, आणि घरी प्राची फोनकडे बघत बसलेली. असे फोन आवटींनी पाहिले होते. फोननंतर दाव्याचा फॉर्म घेऊन त्या घरी जाणारे तेच होते. त्या घरांतल्या बायका त्यांना पाणी देत आणि काही बोलत नसत. तो ग्लास आपल्या मुलीच्या हातात त्यांना दिसला.

गाड्या फेरी मारून परत येत होत्या. अजून पांढरी पुढेच होती. मागच्या वीस गाड्या डरकाळ्या फोडत तिला अगदी चिकटून आलेल्या. मॅडम 'आता' म्हणायच्या होत्या. अजून म्हटलं नव्हतं. आवटी ताडकन उठले, टेबलावरचा झेंडा उचलला आणि दोन्ही हातांनी, फेटा सुटेपर्यंत, हलवला.

तो लाल होता.

मोतीबिंदूच्या काळ्या चष्म्यातून लाल आणि हिरवा सारखेच, गढूळ दिसतात. खरंच रंग कळला नाही की हात मुद्दामच तिकडे गेला, हे आवटींना आजही सांगता येत नाही.

लाल झेंडा म्हणजे धोका, सगळं बंद. पांढरी गाडी थांबली. तिच्यामागे वीसच्या वीस गाड्या थांबल्या. माळावर एकाएकी इतकं शांत झालं की मिसळीच्या टपरीवर तर्री मागणारा आवाज स्पष्ट ऐकू आला. रोहिणी मॅडम धावत आल्या.

"सर! काय दिसलं? तेल सांडलंय? कुणी आत घुसलंय?"

आवटी झेंडा गुंडाळायला लागले.

"त्यास्नी काय दिसतंय वो," सयाजीराव मदतीला धावले. "त्येंचं मोतीबिंदूचं आप्रेशन झालंय!"

तेवढ्यात मॅडमच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. ज्ञानू होता. "म्याडम, फाटकावर आनि एक पावणं आल्यात. म्हंत्यात, मीच खरा पावणं. मी सांगितलं, पावणं कवाच आत गेलं. तर चिडाय लागल्यात. कागुद वाचाय दिलाय, सातव्या कलमावर हायत."

रोहिणी मॅडमनी आवटींकडे पाहिलं. फेटा एका कानावर, हार पाठीवर, हातात लाल झेंडा. आवटींनी चष्मा काढला. आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

"मॅडम, मी फक्त प्रेक्षक आहे. माझ्या मुलीसाठी एक स्थळ आलंय. तो मुलगा बघायला आलो होतो."

आणि तो मुलगा त्याच वेळी शिरस्त्राण काढत व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होता. उंच, सावळा, केस घामानं चिकटलेले. तो वर आला, फोटोत पाहिलेल्या आवटींना ओळखलं आणि जागच्या जागी थबकला. मग वाकून त्यानं पायाला हात लावला.

"जय जिनेंद्र, काका."

आवटींना भुई दुभंगेल तर बरं असं झालं. बत्तीस वर्षांची प्रतिष्ठा वीस गाड्यांसमोर धुळीत मिळाली होती. ते म्हणाले, "वृषभ, माझ्यामुळे तुझी शर्यत गेली. पहिला होतास तू."

"माझी शर्यत?" वृषभ गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसू दाबत म्हणाला, "काका, मी शर्यतीत न्हाईच. ती सेफ्टी कार हाय. सुरुवातीला सगळ्यांना एक फेरी सावकाश फिरवून आणायचं आणि बाजूला व्हायचं. मध्येच कुणी धडकलं, काही सांडलं, तर मी परत बाहेर येतो आणि सगळे माझ्यामागं हळू चालतात. मला ओलांडून जायची कुणालाच परवानगी नसते."

"म्हणजे... तुझं काम काय?"

"सगळ्यांना हळू करायचं."

आवटी खुर्ची शोधत होते, सयाजीरावांनी सरकवली. त्यांना स्वतःच्या कानांवर भरवसा येईना. "आणि मागचे ऐकतात?"

"कसले ऐकतात! शिव्या घालतात. हॉर्न असता तर वाजवला असता. म्हणतात, ह्याला कुणी लायसन दिलं, बैलगाडी चालव म्हणावं."

बैलगाडी चालव! हेच शब्द, याच चालीत, आवटींनी स्टेशन रोडवर बत्तीस वर्षं ऐकले होते. एवढ्या मोठ्या जगात आपल्यासारखा शिव्या खाऊन हळू जाणारा दुसरा माणूस आहे आणि तो नेमका आपल्या मुलीनं शोधून काढलाय! छातीवर मंगळवारपासून बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. त्यांनी मोठा श्वास घेतला. धूळ गेली, ठसका लागला, तरी बरं वाटलं.

"पण आता माझ्यामुळे एवढा घोटाळा..."

"कसला घोटाळा? परत एक फेरी मारायची. शंका आली की थांबवायचं, असा नियमच हाय. थांबवणाऱ्याला इथं कुणी बोलत न्हाई." तो मॅडमकडे वळला. "मॅडम, घेऊ परत?"

मॅडम मघापासून कपाळाला हात लावून उभ्या होत्या. पण त्यांचे खांदे हलत होते. नीट पाहिल्यावर कळलं की त्या हसतायत. आवटी फेटा उतरवायला लागले तर म्हणाल्या, "राहू द्या, सर. दुसरा आहे. तेवढा झेंडा मात्र माझ्याकडे द्या."

शर्यत झाली. कोण जिंकलं हे आवटींना विचारू नका. ते आणि सयाजीराव कठड्याशी उभे राहून फक्त बाजूला थांबलेल्या पांढऱ्या गाडीकडे पाहत होते. मध्ये दोन गाड्या एकमेकींना घासल्या तेव्हा पांढरी गाडी दिवा लावून बाहेर आली आणि सगळा तांडा मुकाट तिच्यामागे चालायला लागला. सयाजीराव वळणाकडे डोळे लावून होते. त्यांनी निकाल दिला, "गियर वेळेवर टाकतंय. ब्रेक दाबायच्या आधी आरशात बगतंय. एसटीत घेतला असता."

खरे प्रमुख पाहुणे चौदाव्या कलमानंतर आत आले आणि बक्षिसं त्यांच्या हस्ते झाली. ते जरा घुश्शात होते. अकराव्या कलमाविषयी मात्र त्यांनीही मॅडमना सुनावलं, हे आवटींनी कठड्यापासून ऐकलं आणि त्यांना फार मोठा न्याय मिळाल्यासारखं झालं.

या सगळ्यात ऊन कलायला आलं होतं. आवटींनी पन्हाळ्याच्या दिशेला पाहिलं. सूर्य डोंगरापासून हातभर वर होता. डबा फाटकावर आणि एकदा सूर्य बुडाला की उद्या सकाळपर्यंत पाणीही नाही. ते निघणार तोच मागून वृषभ पळत आला. तोही पश्चिमेकडेच बघत होता.

"काका, वेळ कमी हाय. तुमचं जेवण?"

"डबा फाटकावर आहे. तुझं?"

"माझा गाडीत होता. मघाशी मला पोटभर शिव्या देणाऱ्या एका ड्रायव्हरनं चुकून खाल्ला."

दोघे जवळजवळ धावतच निघाले. जन्मात प्रथमच आवटी कुणाच्या तरी पुढे होते. ज्ञानू फाटकावर डबा मांडीवर घेऊन राखणदारासारखा बसला होता.

"पावण्यांचा डबा. दिवसभर कुणाला हात लावू दिला न्हाय. त्यो दुसरा पावणा आला, त्यालाबी न्हाय."

मागून सयाजीरावही धापा टाकत पोचले आणि दगडी कठड्यावर डबा उघडला. दशम्या तिघांत वाटल्या. वृषभ घाईघाईनं, पण नीट चावून खात होता. दर दोन घासांनी मान वर करून सूर्य पाहत होता. कुणी सांगितलं म्हणून नाही, सवयीनं. आवटींनी ते पाहिलं आणि पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली. सयाजीरावांचा लाडू संपला. आवटींचा संपला. डब्यात दोन उरले होते. त्रिशलाबाईंनी ते कुणाच्या हिशेबानं घातले होते हे आवटींना आत्ता कळलं आणि आपल्या घरात आपण सोडून सगळ्यांना सगळं आधी ठाऊक असतं हेही कळलं. त्याचा रागसुद्धा आला नाही.

ज्ञानू मिशीवर हात फिरवत कधीपासूनचं मनात राहिलेलं विचारायला पुढे आला.

"एक सांगा मला. काल कागुद वाचून आला. आज जीपमधनं गेला, फेटा बांधून आला. आनि आता ह्या ड्रायव्हरसंगं जेवाय बसला. खरं सांगा, तुमी कुनाकडचं पावणं?"

सूर्य डोंगराला टेकला होता. आवटींनी एक लाडू उचलून ज्ञानूच्या हातावर ठेवला. दुसरा वृषभच्या हातावर ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

"मुलीकडचं," ते म्हणाले.